किनाऱ्यावर ढग, वाळवंटात भट्टी: सदर्न कॅलिफोर्नियाचं फोरकास्ट कसं वाचायचं

मे-जूनमध्ये सॅन डिएगोत सकाळी खिडकी उघडली की आभाळ राखाडी, हवा गार, फोनवर ६२-६३ डिग्री, आणि घरी भारतातून कोणी आलेलं असलं की पहिला प्रश्न ठरलेला, "अगं, इथे ऊन असतं म्हणाली होतीस ना?" ऊन आहे की, भरपूर आहे, फक्त ते वीस-पंचवीस मैल आत आहे, आणि डोंगर ओलांडून पलीकडे वाळवंटातल्या बोरेगो स्प्रिंग्ज नाहीतर पाम स्प्रिंग्जला त्याच दिवशी दुपारी १०८-११० होणार आहे. दोन तासांच्या ड्राइव्हमध्ये ४५ डिग्रीचा फरक. घाट उतरला की हवा बदलते हे आपल्या लोकांना सांगायला नको, पण इतकी बदलेल हे डोक्यात बसत नाही, आणि मग स्वेटर घालून निघालेली माणसं दोन बाटल्या पाण्यावर वाळवंटात पोचतात. आम्हीही तेच केलेलं, ते पुढे सांगते. आदल्या रात्री दहा-पंधरा मिनिटं काय बघायचं म्हणजे उद्याची हवा कळेल, तेवढ्यासाठी हे लिहितेय.

आधी फॅरनहाइटचं बघून घेऊ, कारण आई-बाबांना १०८ म्हटलं की काहीच बोध होत नाही. पाच आकडे पाठ करा: ५० म्हणजे १०, ६८ म्हणजे २०, ८६ म्हणजे ३०, १०४ म्हणजे ४०, १२२ म्हणजे ५०. दर १८ फॅरनहाइटला १० सेल्सिअस, मधलं अंदाजाने. आणि १२२ हा नुसता पुस्तकातला आकडा नाही, पाम स्प्रिंग्जला ५ जुलै २०२४ ला १२४ झालेलं, तिथला आजवरचा उच्चांक.

आता हे ढग आणि ही भट्टी एकाच वेळी का, ते एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. उन्हाळ्यात पॅसिफिकवर मोठं हाय प्रेशर बसलेलं असतं, त्यात हवा वरून खाली दाबली जाते आणि खाली येताना तापत जाते. खाली समुद्राचं पाणी मात्र थंड, कारण कॅलिफोर्निया करंट उत्तरेकडून गार पाणी आणतो आणि वाऱ्यामुळे खोलातलं पाणीही वर येतं. त्यामुळे पाण्यालगत गार ओलसर हवेचा थर आणि त्याच्या डोक्यावर कोरड्या गरम हवेचं झाकण. या झाकणाला इन्व्हर्जन म्हणतात, खालच्या थराला मरीन लेअर, आणि ढग त्या झाकणाखाली अडकून पडतात. इथले लोक त्याला मे ग्रे, जून ग्लूम म्हणतात. वाळवंटाला मधल्या डोंगरांनी या थरापासून तोडलेलं आहे, तिथे कोरडी हवा, ढग नाही, जमीन दिवसभर तापते. म्हणजे आपल्या डोक्यावरचे ढग आणि तिकडची भाजणारी दुपार ही एकाच हाय प्रेशरची दोन टोकं आहेत. म्हणून किनाऱ्यावरची गार सकाळ बघून वाळवंटाचा अंदाज कधीच करायचा नाही.

मी सगळ्यात आधी एकच आकडा बघते, मरीन लेअरची जाडी. तो फोनच्या ॲपमध्ये नसतो, तिथे दिवसभरासाठी ढगाचं नाहीतर सूर्याचं एक चित्र असतं, त्यावरून काही कळत नाही. तो असतो नॅशनल वेदर सर्व्हिसच्या, म्हणजे इथल्या सरकारी हवामान खात्याच्या, एरिया फोरकास्ट डिस्कशनमध्ये. वेदर डॉट गव्हवर जाऊन सॅन डिएगो ऑफिसचं पान उघडा, तिथे फोरकास्ट डिस्कशन म्हणून लिंक आहे, साधा मजकूर असतो, दिवसातून निदान दोनदा नवा येतो. फोरकास्टर माणसाने स्वतः लिहिलेला असतो, आणि त्याला कशाची खात्री आहे, कशाची नाही, तेही त्यात येतं. मला विचाराल तर या भागातल्या हवेबद्दल याच्यापेक्षा चांगलं फुकट वाचायला दुसरं काही मिळत नाही. भाषा पहिल्यांदा अवघड वाटते पण आठवडाभर रोज वाचलं की सवय होते.

सॅन डिएगो, ऑरेंज काउंटी, रिव्हरसाइडचा पश्चिम भाग, पाम स्प्रिंग्जची कोचेला व्हॅली आणि बोरेगो हे सगळं सॅन डिएगो ऑफिसकडे. लॉस एंजेलिस आणि व्हेंचुरा ऑक्सनार्डच्या ऑफिसकडे. एल सेंट्रो फिनिक्सकडे आणि डेथ व्हॅली लास व्हेगासकडे, त्यामुळे तिकडे जाणार असाल तर त्या ऑफिसचं डिस्कशन उघडा, सॅन डिएगोचं वाचून उपयोग नाही.

आता आकडा कसा वाचायचा. सॅन डिएगोतल्या मिरामारहून रोज दोनदा हवामानाचा फुगा सोडतात, उन्हाळ्यात साधारण पहाटे पाच आणि संध्याकाळी पाचच्या हिशोबाने, आणि त्यावरून इन्व्हर्जन किती फुटांवर आहे ते कळतं. हजार फूट किंवा त्याहून कमी लिहिलं असेल तर थर पातळ आहे, ढग बीचपाशी आणि थोडे मैल आत, बाकी सगळीकडे ऊन. पातळ थर म्हटला की बरं वाटतं, पण त्यात दोन गोष्टी लपलेल्या असतात. एक, ढग इतका खाली असतो की किनाऱ्याजवळच्या उंच भागात तो जमिनीलाच टेकतो आणि दाट धुकं होतं, ला होयाचं माउंट सोलेडॅड ८२२ फुटांचं आहे, तिथे वर गेलात तर समोरची गाडी दिसत नाही. पाव मैल किंवा त्याहून कमी दिसत असेल तर डेन्स फॉग ॲडव्हायझरी येते. दुसरं जास्त महत्त्वाचं, थर पातळ म्हणजे वरून हाय प्रेशर जोरात दाबतंय, म्हणजे आतल्या भागात आणि वाळवंटात तापणार. पातळ थर आणि वाळवंटातली हीट वेव्ह बरेचदा हातात हात घालून येतात.

पंधराशे ते दोन हजार म्हणजे नेहमीचा जून. रात्रीतून ढग व्हॅलीत शिरतात, पोवे, एस्कॉन्डिडो, एल कहोनपर्यंत, सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान आतून बाहेर असे वितळत जातात आणि बीचवर दुपारी कधीतरी निघतात, कधी निघतही नाहीत. तीन हजारच्या वर गेला की थर जाड, ढग थेट रिव्हरसाइडपर्यंत, पहाटे भुरभुर, कोस्टला दिवसभर अंधारल्यासारखं. असा जाड थर वरून एखादं लो प्रेशर सरकतंय म्हणून होतो, आणि मग आतली हवाही जरा उतरते. सदर्न कॅलिफोर्नियाच्या समुद्रात कॅटालिना एडी नावाचा वाऱ्याचा एक भोवरा तयार होतो, तो आला की एका रात्रीत थर फुगतो. डिस्कशनमध्ये एडी शब्द दिसला की दुसऱ्या दिवशीचा बीचचा प्लॅन मी दुपारी दोननंतर ढकलते.

जाडीबरोबर "स्ट्राँग इन्व्हर्जन" लिहिलंय का तेही बघा, कारण झाकण पक्कं असेल तर थर पातळ असूनही ढग हटत नाहीत, सूर्य कितीही वर आला तरी.

आपला आपण एक ताळा करता येतो आणि मला तो फार आवडतो. हायवे ५२ वरून जाताना काउल्स माउंटन दिसतो, सॅन डिएगो शहरातला सगळ्यात उंच डोंगर, साधारण १६०० फूट. त्याचं डोकं ढगात गेलंय पण पोट दिसतंय म्हणजे ढगाचा तळ हजार-बाराशेच्या आसपास. डिस्कशनच्या खाली एव्हिएशनचा भाग असतो, त्यात तळ आणि माथा दोन्ही लिहिलेले असतात, बेसेस ८०० ते १२००, टॉप्स १८०० असं, ते वाचायचं आणि डोंगराकडे बघायचं. दहा-बारा वेळा केलं की नजर बसते, मग नुसतं बघून सांगता येतं की आज व्हॅली किती वाजता उघडेल. एव्हिएशनमधल्या वेळा झेड लावून असतात, म्हणजे ग्रीनिचची वेळ (यूटीसी), उन्हाळ्यात त्यातून सात तास वजा करायचे आणि हिवाळ्यात आठ. उन्हाळ्यात १७ झेडला क्लिअरिंग म्हणजे आपल्याकडे सकाळी दहाला ढग निघणार. विमानतळाच्या रिपोर्टमध्ये ओव्हीसी ००८ असं काही दिसलं तर घाबरू नका, ८०० फुटांवर पूर्ण ढगाळ एवढाच त्याचा अर्थ. आणि ज्यांना चित्र बघायला आवडतं त्यांनी सॅटेलाइटचा लूप बघावा, गोज वेस्ट म्हणून शोधा, सकाळी आठपासून अकरापर्यंत ढगाची कड मागे सरकताना इतकी स्पष्ट दिसते की बघत बसावंसं वाटतं.

दुसरी गोष्ट वारा कुठून कुठे. ऑनशोअर म्हणजे समुद्राकडून आत, ऑफशोअर म्हणजे वाळवंटाकडून समुद्राकडे. फोरकास्टर लोक दोन ठिकाणांच्या प्रेशरमधला फरक बघतात, लॉस एंजेलिसच्या विमानतळाचं प्रेशर वजा मोहावी वाळवंटातल्या डॅगेटचं, मिलिबारमध्ये. प्लस सहा-आठ असेल तर ऑनशोअर जोरात, किनाऱ्यावर ढग चिवट आणि डोंगरातल्या खिंडीतून वारा सुसाट. सगळ्यात वाईट सॅन गॉर्गोनिओ पास, जिथून हायवे १० पाम स्प्रिंग्जला जातो, एका बाजूला साडेअकरा हजार फुटांचा सॅन गॉर्गोनिओ आणि दुसऱ्या बाजूला सॅन हसिंटो, मधल्या फटीतून सगळी गार हवा पलीकडे घुसते. उगाच नाही तिथे पवनचक्क्यांची रांग लावलेली. संध्याकाळी ५०-६० मैलांचे झोत येतात, गाडी हलते, आणि पाम स्प्रिंग्जमध्ये शिरणारे इंडियन कॅन्यन आणि जीन ऑट्री हे दोन रस्ते वाळू उडाली की बंद करतात. डिस्कशनमध्ये "गस्टी वेस्ट विंड्स थ्रू द पासेस" असलं तर दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि छपरावर सामान बांधलेलं नको.

तिसरी गोष्ट, जिथे जायचंय तिथलंच फोरकास्ट. ऐकायला किती साधं वाटतं, पण आमची चूक नेमकी इथेच झाली. आई-बाबा आलेले, जूनचा शनिवार, मी सकाळी फोन बघितला, घरचं फोरकास्ट, ढगाळ, दुपारी ७२. सगळ्यांच्या अंगात स्वेटर, चार छोट्या बाटल्या पाणी, आणि निघालो बोरेगोला. पोवेहून रामोनाकडे चढ चढताना ढगातून वर आलो, लख्ख ऊन, सगळे खूश. ज्युलियनला डॅशबोर्डवर ८८, तिथे ॲपल पाय खाल्ला, एवढंच असेल तर काय असं वाटलं. मग बॅनर ग्रेडच्या घाटाने खाली उतरायला लागलो आणि तो आकडा दर दोन-तीन मिनिटांनी चढत गेला, ९२, ९७, १०१, बोरेगोला पोचेस्तोवर १०८. तरी आम्ही पाम कॅन्यन ट्रेलवर निघालो, म्हटलं अर्धा तास फिरू. पंधरा मिनिटांत बाबा म्हणाले, "पाय जड झालेत गं," आणि एका खडकाच्या सावलीत बसले. चेहरा लाल, बोलायला नको वाटतंय. मानेवर आणि डोक्यावर पाणी ओतलं, स्वेटरच ओला करून खांद्यावर टाकला, वीस मिनिटांनी उठले आणि हळूहळू गाडीपर्यंत आलो. गाडीत एसी लावल्यावर त्यांना बरं वाटलं पण माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. फोनला तिथे रेंज नव्हती.

त्या दिवशीचा १०८ आधीच काढता आला असता. ज्युलियन ४२०० फुटांवर, बोरेगो ६०० वर, म्हणजे ३६०० फूट उतार, आणि कोरडी हवा हजार फूट खाली आली की साधारण साडेपाच डिग्री तापते. ८८ मध्ये वीस मिळवा. इन्व्हर्जनच्या वर हा हिशोब बऱ्यापैकी चालतो. इन्व्हर्जनच्या आसपास मात्र उलटं, ढगातून वर चढलात की गरम होतं, म्हणून रामोनाला आम्हाला इतकं छान वाटलं.

तर वेदर डॉट गव्हवर नकाशावर जायच्या जागेवरच क्लिक करा, ट्रेलच्या तोंडावर, गावाच्या नावावर नको. फोरकास्ट साधारण अडीच किलोमीटरच्या चौकोनाचं असतं, पानावर त्या जागेची उंची लिहिलेली असते, ती बघून खात्री करा की डोंगरमाथ्याचा चौकोन तर पकडला नाही ना. मग अवरली ग्राफ उघडा आणि तुम्ही तिथे असणार ते तास बघा. रात्रीचा आकडा पण बघा, हीट वेव्हमध्ये पाम स्प्रिंग्जला रात्रीही ८५-९० च्या खाली उतरत नाही, तंबूत झोपायचं असेल तर शरीराला सुटकाच नाही.

मग हीटरिस्क. वेदर सर्व्हिसचाच नकाशा आहे, शून्य ते चार, हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल, जांभळट. नुसतं तापमान न बघता त्या जागेला, त्या महिन्यात हे किती वेगळं आहे आणि रात्री गार होतंय का हे धरून रंग देतात. माझा घरातला नियम असा की सोबत साठीच्या पुढचं किंवा पाच वर्षांच्या आतलं कोणी असेल तर नारिंगीला ट्रेल रद्द, गाडीतून बघायचं. लाल असेल तर वाळवंटच रद्द, कोणी कितीही हट्ट केला तरी. वॉर्निंगची नावं मार्च २०२५ पासून बदललीत, पूर्वी एक्सेसिव्ह हीट वॉर्निंग म्हणायचे ते आता एक्स्ट्रीम हीट वॉर्निंग. वॉच म्हणजे होण्याची शक्यता आहे, वॉर्निंग म्हणजे होणारच आहे किंवा सुरू झालंय.

जुलै-ऑगस्टमध्ये आणखी एक बघावं लागतं, मान्सून. हो, इथेही त्याला मान्सूनच म्हणतात, १५ जून ते ३० सप्टेंबर हा त्याचा काळ धरतात, मेक्सिकोकडून आणि कॅलिफोर्नियाच्या आखातातून ओली हवा वाळवंटात येते. तेव्हा ड्यू पॉइंट बघा, हवेत ओल किती आहे ते सांगणारा आकडा. वाळवंटात तो साठच्या पुढे गेला की घाम नीट वाळत नाही आणि १०५ सुद्धा त्याहून जास्त वाटतं. दुपारी डोंगरावर ढग गोळा व्हायला लागतात, गडगडाट होतो, आणि पाऊस डोंगरावर पडून पाण्याचा लोंढा तुमच्याकडे येतो, तुमच्या डोक्यावर मात्र निळं आभाळ. कोरड्या ओढ्यांना इथे वॉश म्हणतात, फ्लॅश फ्लड वॉच असताना वॉशमध्ये गाडी लावायची नाही, रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर त्यात घालायचीही नाही. २० ऑगस्ट २०२३ ला हिलरी वादळ आलं तेव्हा डेथ व्हॅलीत एका दिवसात २.२ इंच पाऊस झाला, तिकडे वर्षभराचा पाऊस साधारण तेवढाच.

आणि सप्टेंबर-ऑक्टोबर आला की सगळा खेळ उलटतो. नेवाडा-युटाच्या बाजूला हाय प्रेशर बसतं, वारा ऑफशोअर होतो, वाळवंटाकडची हवा डोंगरावरून खाली कोसळते आणि कोसळताना तापते, त्याला सँटा ॲना म्हणतात. मग ढग गायब आणि बीच वाळवंटापेक्षा गरम. सॅन डिएगो शहराचा उच्चांक १११ आहे आणि तो २६ सप्टेंबर १९६३ चा, जुलैचा नाही. त्या दिवसांत ह्युमिडिटी दहा टक्क्यांच्या खाली जाते, ओठ फुटतात, आणि आगीची भीती असते. रेड फ्लॅग वॉर्निंग, म्हणजे आगीच्या धोक्याचा इशारा, असेल तर डोंगरात जायचा बेत सोडा आणि घरी कागदपत्रांची पिशवी दाराशी ठेवा.

परत जूनकडे येते. ठरवून वाळवंटात जाणारच असाल तर पहाटे पाचला निघा आणि दहाच्या आत चालणं संपवून गाडीत बसा, डेथ व्हॅलीतले रेंजर तर उन्हाळ्यात सकाळी दहानंतर सखल भागात चालूच नका म्हणतात. पाणी माणशी एक गॅलन, म्हणजे जवळजवळ चार लिटर, आणि ते गाडीत राहू द्या, चालताना जवळ बाळगायचं वेगळं. मिठाचं काहीतरी खायला, एक जुनी चादर ओली करायला, नकाशा फोनमध्ये डाउनलोड केलेला. बंद गाडीत दहा मिनिटांत आतलं तापमान वीसेक डिग्रीने चढतं, तेव्हा मूल किंवा आजी "झोपलेत, राहू देत" म्हणून आत ठेवायचे नाहीत, एक मिनिटही नाही. चक्कर, मळमळ, डोकेदुखी, खूप घाम, हे सुरू झालं की सावली, पाणी, ओला कपडा. माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा शुद्ध हरपली तर सरळ ९११, आणि मदत येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा.

एल सेंट्रोहून हायवे ८ ने परत येणार असाल तर ओकोटिओनंतर मोठा चढ लागतो, तिथे एसी बंद करा अशा पाट्या आहेत, इंजिन तापू नये म्हणून, आणि रेडिएटरच्या पाण्याची पिंपंही ठेवलेली असतात. ११० मध्ये दुपारी तो चढ चढण्यापेक्षा सूर्य कलल्यावर निघा. मात्र उशीर झाला की पुढे ढग भेटतो, कारण अंधार पडला की मरीन लेअर पुन्हा आत सरकतो, आणि डोंगर उतरून शहराकडे आलात की समोर राखाडी भिंत दिसते. तिथे शिरायच्या आधी स्पीड कमी करा, हाय बीम बंद, लो बीम चालू, आणि मागच्या सीटवर टाकलेले स्वेटर पुढे घ्या, दहा मिनिटांत लागतील.